सातव्या घंटेचा काठ

धरून आणलेलं जहाज बंदरात शिरताना पाहायचं ते निशाण नव्हे, सुकाणूवरचा माणूस. सें-मालोच्या बायकांना हे शिकवावं लागत नाही. निशाणांचं काय, इंग्रजांचं खाली आणि आपलं वर, दर वेळी तेच. सुकाणूवर कोण उभा आहे त्यावरून कुणाच्या घरी आज लोणी जास्त वितळणार ते कळतं.

पेरीनने कोलेतला एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि डोळे बारीक केले. तटावर वारा होता, पोरीच्या कानावरचं टोपडं सारखं सरकत होतं. ती रुंद, डाव्या अंगाला किंचित कललेली आकृती तिने ओळखली. जोसलां. म्हणजे या वेळी नणंदेचा नवरा.

तटावरच्या बायका मोठ्याने मोजायला लागल्या. सातवं. गेरांदेलांच्या ‘सार्सेल’ने एका फेरीत सातवं इंग्रज जहाज धरलं. कुणीतरी पेरीनच्या पाठीवर थाप मारली, कप्तानीणबाई म्हणालं. पेरीन हसली. हसायला हवंच होतं. पण राजाच्या परवान्यावर शत्रूची व्यापारी जहाजं धरणाऱ्या कप्तानाच्या बायकोचं नशीब उफराटं असतं. प्रत्येक धरलेल्या जहाजाबरोबर एक अधिकारी आणि आठ-दहा खलाशी घरी परत येतात, आणि कप्तान मात्र पुढच्या शिकारीसाठी समुद्रावरच राहतो. ईस्टरनंतर ‘सार्सेल’ गेली तेव्हा कोलेत पोटात होती. आता ती मान धरायला लागली होती. तेवढ्या दिवसांत सात वेळा पेरीन तटावर आली होती, आणि सात वेळा दुसऱ्या कुणाचा तरी नवरा परत आला होता.

खाली धक्क्यावर नणंद माथुरीन आधीच पोचली होती. तिने डोक्यावरची टोपी नीट केली नव्हती, आणि तिला त्याची पर्वा नव्हती. पेरीनला वरूनही ते दिसलं. तिला वाटलं, इतकं उघडं सुखी दिसू नये माणसाने.

सातवं आलं म्हणजे दुपारचं जेवण सासूबाईंकडे, सगळ्यांनी. ऑलिव्ह गेरांदेल, नवरा गेल्यापासून जहाजांचा सगळा कारभार एकटीने सांभाळणारी बाई, असली आमंत्रणं तोंडाने देत नसे. स्वयंपाकघराच्या धुराड्यातून धूर जाड निघायला लागला की समजायचं.

त्या घराच्या जेवणघरात तीन तुळया होत्या. पहिलीवर सासऱ्यांच्या सहा घंटा. दुसरीवर थोरल्या मुलाच्या, सेर्व्हाँच्या, सात. मागच्या लढाईत हीच ‘सार्सेल’ त्याच्या हाताखाली होती, मग गुडघा फुटला आणि तो धक्क्यावरचा माणूस झाला. तिसरी तुळई धाकट्याची, तांगीची. धरलेल्या प्रत्येक जहाजाची घंटा घरी यायची आणि कप्तानाच्या बायकोने ती आपल्या हाताने बांधायची. ज्याच्या घंटा जास्त, त्याची बायको सासूबाईंच्या उजव्या हाताला बसायची. आणि घरात वस्तू एक आणि मागणारे दोन असले, तर ज्याच्या घंटा जास्त त्याचा मान पहिला. बरोबरी झाली तर थोरल्याचा.

हा नियम म्हणजे काय ते पेरीनला कोलेत पोटात असतानाच, ईस्टरच्याही आधी, नीट कळलं. घरातला अक्रोडाच्या लाकडाचा पाळणा, ज्यात सेर्व्हाँ, तांगी, माथुरीन तिघंही वाढली, तो तिने मागितला होता. जाऊबाईंनी, जाकेतने, तो सोडला नाही. जाकेतचं शेंडेफळ आता दोरावर चढायचं. पाळण्यात ती विणायची लोकर ठेवायची. कोलेत कपाटाच्या खणात झोपायची, खाली तांगीचा जुना सदरा घालून.

जोसलां जेवायला आला तो कॅनव्हासात गुंडाळलेली घंटा काखेत घेऊन. त्याने ती बाकाखाली ठेवली आणि बसला. स्वयंपाकघरात धरलेल्या जहाजाचा इंग्रज कप्तान बसला होता, एक पहारेकरी त्याच्यासोबत. मोलकरणीने त्याला कालवांचं सूप दिलं होतं आणि त्याने ते हुंगून परत सारलं होतं. माथुरीन हे हसत सांगत होती. घावन वाढताना तिचा हात सारखा नवऱ्याच्या बाहीला लागत होता. कुट्टूचं पीठ आज चांगलं फुगलं होतं, लोणी खारं होतं, सफरचंदाची दारू भरपूर होती. जोसलां खात नव्हता.

पेरीनने हे सगळ्यांच्या आधी पाहिलं. मुलाला दूध पाजणाऱ्या बाईला दुसरं काय काम असतं, ती जेवणारांकडे पाहत बसते. तिने पाहिलं की जोसलांने घावनाचा तुकडा तीनदा मोडला आणि तीनदा ताटाच्या काठावर ठेवला.

“जोसलां,” सासूबाई म्हणाल्या, “काय ते बोल आता. घशात अडकलंय ते खाली तरी जाऊ दे, नाहीतर वर तरी येऊ दे.”

मग त्याने सांगितलं. धक्क्यावर लोकांसमोर सांगवलं नव्हतं.

‘सार्सेल’ निघाली तेव्हा तिच्यावर शंभरावर माणसं होती. सात जहाजांबरोबर ती थोडी थोडी घरी आली. सातवं पहाटे धरलं, न लढता. त्यानंतर जहाजावर जी माणसं उरली त्यांत एका बाजूच्या तोफा चालल्या असत्या, दोन्ही बाजूंच्या नाही. जोसलां शेवटचा अधिकारी होता. त्यालाही तांगीने धरलेल्या जहाजावर चढवलं आणि स्वतः तिथेच घिरट्या घालत राहिला. दुपारी पश्चिमेकडून दोन शिडं दिसली, इंग्रजांची लढाऊ जहाजं. तांगीने ‘सार्सेल’चं तोंड उलट फिरवलं, घराकडे नव्हे, समुद्राकडे, म्हणजे ती दोघं त्याच्या मागे लागावीत आणि जोसलांला वाट मिळावी. तसंच झालं. जोसलांने लांबून तीन-चार तोफांचे आवाज ऐकले, आणि मग आपल्या राजाचं पांढरं निशाण खाली येताना पाहिलं.

“होड्या शांतपणे जवळ गेल्या,” तो म्हणाला. “धूर नव्हता. तो जिवंत आहे, आई. कैद आहे, पण जिवंत आहे.”

सासूबाईंनी सुरी ताटात आडवी ठेवली. पेरीनने कोलेतचं डोकं छातीशी दाबलं, आणि तिला स्वतःचीच भीती वाटली, कारण मनात पहिलं आलं ते तांगीचं नाव नव्हतं. माथुरीनचा हात अजूनही त्या बाहीवर होता. तो हात तिथून कुणीतरी उचलावा, हे आलं.

“तू मागे फिर म्हणाला नाहीस त्याला?” सेर्व्हाँने विचारलं.

“पाचव्यालाच म्हटलं होतं. तो हसला. म्हणाला, पाच घंटांत पेरीन टेबलावरच्या मिठापर्यंत सरकेल, आईच्या उजवीकडच्या खुर्चीपर्यंत नाही. आणि परवा सातवं धरल्यावर पुन्हा म्हटलं. तर म्हणाला, सात म्हणजे दादाशी बरोबरी. आणि आमच्या घरात बरोबरी म्हणजे हार. आठवं घेतो आणि तुझ्या मागोमाग येतो.”

जाकेत आपल्या खुर्चीत, सासूबाईंच्या उजव्या हाताला, ताठ बसली होती. दिराचं वाईट वाटलं तिला, खरंच वाटलं. पण त्या वाईट वाटण्याच्या मागे दुसरंच काही उभं राहिलं होतं, आणि तिला त्याची लाज वाटत नव्हती. तिचा भाऊ इव्हाँ दोन हिवाळे प्लिमथच्या तुरुंगात होता. तोही कप्तान, लहानशा जहाजाचा. इंग्रजांशी अदलाबदल व्हायची ती हुद्द्याला हुद्दा: खलाशाला खलाशी, कप्तानाला कप्तान. ‘सार्सेल’ निघताना जाकेतने तांगीचा हात धरून सांगितलं होतं, मला एक इंग्रज कप्तान आण, बाकी काही नको. आणि तांगीने सहा कप्तान होड्यांत बसवून सोडून दिले होते, खाणारी तोंडं नकोत म्हणून. सहा. प्रत्येक वेळी घंटा आली होती, कप्तान नाही. प्रत्येक वेळी जाकेतने ती घंटा पेरीनच्या हातात दिली होती आणि पेरीनने ती बांधली होती, पायाच्या बोटांवर उभी राहून, जणू देवळात फुलं वाहतेय.

आता एक कप्तान स्वयंपाकघरात बसला होता.

“बंदरावरच्या कचेरीने विचारलंय,” सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बाजारातला झाला होता. ज्यांना त्यांची माया माहीत होती त्यांना ती त्याच आवाजात ऐकू यायची. “अदलाबदलीचं जहाज उद्या प्लिमथला निघतंय. या इंग्रजाच्या बदल्यात कुणाला मागायचं, ते नाव ओहोटी सरायच्या आत पोचवायचंय. जहाज धरणाऱ्या घराचा मान. एकच नाव.”

“तांगी,” पेरीन म्हणाली.

“इव्हाँ,” जाकेत म्हणाली. दोघींचं एकदमच झालं.

मग जाकेत बोलत गेली. तांगी परवा पकडला गेलाय, इव्हाँला दोन वर्षं झाली. तांगीला खायला घालतील, तो मोठ्या जहाजाचा कप्तान, त्याला शहरात मोकळं राहू देतील. इव्हाँ तळघरात खोकतोय. आणि पेरीनचं वय काय, पुढच्या अदलाबदलीपर्यंत थांबली तर काय बिघडतं. शेवटी ती जोसलांकडे वळली. “या कप्तानाला का ठेवून घेतलं तुम्ही? सहा सोडले, सातवा का ठेवला? खरं सांगा, भावोजी.”

जोसलांने बायकोकडे पाहिलं. माथुरीनने नजर खाली घातली.

“तांगी म्हणाला, हा वहिनीच्या भावासाठी,” तो म्हणाला. “म्हणाला, आता तरी जेवताना ती मीठ माझ्याकडे सरकवेल.”

“झालं तर,” जाकेत म्हणाली. तिचा आवाज फुटला. “त्याचाच शब्द आहे.”

“तो शब्द सकाळचा,” पेरीन म्हणाली. “शिडं दुपारी दिसली.”

माथुरीन आतापर्यंत मनाने तांगीच्या बाजूने होती. पण आता ती हळूच म्हणाली की दिलेला शब्द दिलेला असतो. पेरीनच्या नजरेच्या भीतीनेच ती तिच्यापासून दूर सरकली होती. ती नजर दुपारभर तिच्या हातावर होती.

सासूबाईंनी बाकाखाली बोट दाखवलं. “ती घंटा आधी बांध, पेरीन. मग नियमाने काय ते होईल.”

पेरीनने कोलेतला कुणाकडे द्यावं हे न सुचून शेवटी सेर्व्हाँकडेच दिलं. जाकेतने घंटा उचलून तिच्या हातात ठेवली, रीतीप्रमाणे. पेरीन स्टुलावर चढली, दोरी ओवली. तिसऱ्या तुळईवर सात झाल्या.

“सात आणि सात,” सासूबाई म्हणाल्या. “बरोबरी. थोरल्याचा मान. इव्हाँचं नाव जाईल.” आणि पुढे, फार हळू, “तांगीसाठी मी दुसरा कप्तान शोधीन.”

पेरीन स्टुलावरून उतरली नाही.

सेर्व्हाँच्या हातात ते तान्हं पोर गरम आणि ओलं होतं. त्याने वर पाहिलं. धाकटी भावजय तिसऱ्या तुळईकडून दुसरीकडे वळली होती आणि तिचा हात कुठे जातोय ते त्याला दिसलं. पहिल्या घंटेवरून, दुसऱ्या, पाचव्या, सहाव्या. सेर्व्हाँच्या फुटक्या गुडघ्यात कळ आली, हवा बदलताना येते तशी. दहा वर्षं त्याने वर पाहायचं टाळलं होतं. आता त्याला वाटलं की बोलावं, तिने बोलायच्या आत. पण पोर हातात असताना माणसाला उठता येत नाही.

पेरीनने सातवी घंटा सोडली आणि खाली उतरून जोसलांच्या पुढ्यात ठेवली.

“भावोजी, आतल्या काठावरून बोट फिरवा.”

“पेरीन,” सेर्व्हाँ म्हणाला.

“फिरवा.”

जोसलांने बोट फिरवलं. एकदा, मग पुन्हा. मग उठून तिसऱ्या तुळईवरच्या घंटेत बोट घातलं, आपण स्वतः आणलेल्या. तो खलाशी माणूस. त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. जहाजावरची घंटा दर अर्ध्या तासाला वाजते, रात्रंदिवस, वर्षानुवर्षं. लोलक जिथे लागतो तिथे काठ झिजतो, बोटाला खळगा लागतो. चर्चच्या जुन्या पायरीसारखा.

“ही कधी समुद्रावर वाजलेली नाही,” तो म्हणाला.

जाकेतला आधी कळलंच नाही. ही घंटा तिने स्वतः बांधली होती, नव्या लग्नाचा झगा घालून. सेर्व्हाँ म्हणाला होता की सातवं जहाज दुसऱ्या बंदरात विकलं, म्हणून घंटा मागून आली. तिने नवऱ्याकडे पाहिलं आणि नवऱ्याने आईकडे.

“सहाच होती,” सेर्व्हाँ म्हणाला. “सातवं धुक्यात सुटलं. मी धक्क्यावर उतरलो तेव्हा तू म्हणालीस, सहा? म्हणजे बाबांइतकीच. एवढंच म्हणालीस, आई. आणि पाठ फिरवून चालायला लागलीस. मी ही ओतवून आणली.”

ऑलिव्ह गेरांदेलने ती घंटा आपल्याकडे ओढली, काठावरून अंगठा फिरवला, आणि बराच वेळ तिथेच ठेवला. तिला ते धक्क्यावरचं आठवत नव्हतं. त्या दिवशी पाऊस होता की काय, एवढंसुद्धा नाही. मग तिने मान वर केली, पण थोरल्याकडे नाही.

“तुला कधी कळलं?”

पेरीनने पोरीसाठी हात पुढे केले होते. ते तसेच राहिले.

“सांग. आत बोट घालून तू एकही तपासली नाहीस. सातवीच सोडलीस.”

“घंटा रोमला गेल्या होत्या तेव्हा,” पेरीन म्हणाली.

ईस्टरच्या आधीच्या गुरुवारपासून चर्चच्या घंटा मुक्या होतात; मुलांना सांगतात की त्या पोपला भेटायला रोमला गेल्या. त्या तीन दिवसांत या घरातल्याही घंटा खाली उतरायच्या, आणि धाकट्या सुनेने त्या शिरका आणि राख लावून घासायच्या. आतून, बाहेरून.

“ईस्टरच्या आधी,” सासूबाई म्हणाल्या. “आणि तांगी निघाला ईस्टरनंतर.”

स्वयंपाकघरातून इंग्रजाचा खोकला ऐकू आला.

हिशेब सगळ्यांत आधी माथुरीनने केला, आणि तिच्या तोंडून तो निघूनच गेला. “त्याला माहीत असतं दादाच्या सहाच आहेत, तर सात पुरल्या असत्या. सकाळीच घराकडे वळला असता. यांच्याबरोबर.”

“हो,” पेरीन म्हणाली.

“मग का नाही सांगितलंस गं?”

पेरीनने आधी कोलेतला सेर्व्हाँच्या हातातून घेतलं, टोपडं सरळ केलं. मग ती जाकेतकडे पाहून बोलली, दुसऱ्या कुणाकडे नाही.

“त्याला सांगितलं असतं तर तो थोरल्या भावोजींना एकट्याला गाठून बोलला असता, आणि प्रकरण मिटलं असतं. मला ते मिटायला नको होतं. न सांगता त्याने आठ आणल्या असत्या, मी आठवी बांधली असती, आणि मग तुमची सातवी तुमच्यासमोर उतरवली असती. सगळ्यांसमोर. तुम्ही पाळण्यात लोकर ठेवता.”

जाकेतने पुढ्यातलं ताट बाजूला सारलं. बोलण्यासारखं होतं, पण ते इव्हाँबद्दल होतं.

सासूबाईंनी टेबलावर दोन्ही हात टेकले आणि उठल्या. “सात आणि सहा,” त्या म्हणाल्या. “तांगीचं नाव जाईल. सेर्व्हाँ, तू जाऊन दे. चालत जा, तुझा गुडघा दुखू दे.” दाराशी थांबून, न वळता त्या पेरीनला म्हणाल्या, “तो आला की तूच सांगशील त्याला. मी नाही, आणि दुसरं कुणीही नाही. तो कैदेतून सुटून दमून येईल, म्हणून दोन दिवस थांबीन असं करू नकोस. त्याच दिवशी.”

सेर्व्हाँ काठी घेऊन गेला. जोसलां त्याच्या मागोमाग गेला, सोबत म्हणून की आत थांबवेना म्हणून, कळलं नाही. माथुरीनने ताटं गोळा केली, पेरीनच्या समोरचं ताट सोडून. खाली खाडीत पाणी उतरायला लागलं होतं. धक्क्याला लागलेल्या इंग्रज जहाजाचं पोट चिखलावर टेकताना करकरलं.

पेरीन मात्र बसली होती, जाकेतच्या रिकाम्या खुर्चीशेजारी. त्या खुर्चीत आता तिने बसायचं होतं. ती बसली नाही.

जिन्यावर काहीतरी आपटत आपटत खाली आलं. जाकेत होती. तिने पाळणा एकटीने आणला होता, कमरेशी टेकवून. तो तिने पेरीनच्या पायांशी ठेवला. लोकर काढली होती, पण फटींत निळे-करडे धागे अडकून राहिले होते.

“घे,” ती म्हणाली. “पहिला मान तुझा. नियम तो नियम.”

“जाऊबाई, इव्हाँसाठी आई दुसरा…”

“इव्हाँचं नाव तू घेऊ नकोस.” ती वाकून पाळण्यातले धागे एक एक उपटत होती, जसं स्वतःच्या मुलासाठी करावं तसं, नीट. “तांगीभावोजी येतील. जेवायला इथेच बसतील. तू सांगायला लागशील. मी एक शब्द बोलणार नाही, पेरीन. मी फक्त समोर बसेन.”

ती गेल्यावर पेरीनने कोलेतला पाळण्यात ठेवलं. अक्रोडाचं लाकूड गुळगुळीत होतं, कठड्यावर कुणाच्या तरी दातांचे बारीक ठसे होते, तांगीचे असतील किंवा सेर्व्हाँचे. तिने पायाने हलका झोका दिला.

पोर रडायला लागली. तिला खणाची सवय होती.